इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी: दोन सीटच्या गाडीत ॲम्प बसवल्यावर पुन्हा पुन्हा येणारा आवाज

नवा डेक (डॅशबोर्डमधला म्युझिक प्लेअर) लावला, दारातले स्पीकर बदलले, सीटमागे चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर आणि छोटा वूफर बसला. गाडी बंद असताना आवाज स्वच्छ. इंजिन सुरू केलं की गाण्यामागे एक बारीक शिट्टी. ॲक्सिलरेटर दाबला की ती चढते, पाय काढला की उतरते. गाणं अगदी हळू केलं तरी ती तेवढीच राहते, त्यामुळे कोल्हापुरात ताराराणी चौकात सिग्नलला थांबलं की गाण्यापेक्षा तीच जास्त ऐकू येते. दुकानात नेली की एक फिल्टरची डबी जोडून मिळते, काही आठवडे बरे जातात, आणि मृगाचा पाऊस लागला की शिट्टी परत येते.

ही तक्रार कुठल्याही गाडीत होऊ शकते, पण फायबरग्लास बॉडीच्या दोन सीटच्या गाडीत ती हमखास होते. आपल्याकडे अशी गाडी म्हणजे सॅन स्टॉर्म. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात तयार होऊ लागलेली, रेनोचं १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, वर कापडी छत. फार कमी बनल्या, आणि ज्या उरल्यात त्या जपायलाच हव्यात असं मला मनापासून वाटतं. झेड४, एसएलके, बॉक्स्टर यांसारख्या धातूच्या बॉडीच्या गाड्यांनाही खालचं बरंचसं लागू पडतं. जिथे फरक आहे तिथे तसं लिहिलं आहे.

माझं म्हणणं एवढंच, की ही शिट्टी बहुतेक वेळा अर्थची, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परत नेणाऱ्या जोडणीची असते. ती परत येते कारण अर्थ कोणी दुरुस्त केलेलाच नसतो, वरून आवाज दाबलेला असतो.

शिट्टी तयार कुठे होते

अल्टरनेटर तीन फेजची एसी वीज बनवतो आणि आतले सहा डायोड तिची डीसी करतात. ही डीसी बॅटरीसारखी सपाट नसते, तिच्यावर बारीक लाटा राहतात. गाड्यांच्या अल्टरनेटरला साधारण बारा पोल असतात, म्हणजे त्याच्या एका फेऱ्यात ३६ लाटा. पुली लहान असल्यामुळे तो इंजिनाच्या सुमारे अडीचपट वेगाने फिरतो. इंजिन ९०० आरपीएमवर रिकामं चालत असेल तर हिशोब १३५० हर्ट्झच्या आसपास येतो, आणि ३००० आरपीएमला ४५०० हर्ट्झ. माणसाचा कान २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यातच सगळ्यात तिखट असतो. म्हणून अगदी थोडी गळती झाली तरी ती लगेच कानात शिरते.

या लाटा प्रत्येक गाडीत असतात. प्रश्न आहे त्या गाण्याच्या वायरीत शिरतात कशा.

डेकचा अर्थ एका ठिकाणी, ॲम्पचा दुसऱ्या ठिकाणी. दोघांना जोडणारी, गाण्याचा सिग्नल नेणारी आरसीए केबल, आणि तिची वरची जाळीसुद्धा अर्थलाच जोडलेली. दोन्ही ठिकाणांच्या व्होल्टेजमध्ये काही मिलीव्होल्टचा जरी फरक पडला, तरी त्या जाळीतून करंट वाहू लागतो, आणि त्याच्यासोबत अल्टरनेटरच्या लाटाही. गाणं हळू लावलेलं असताना आरसीएमधला सिग्नल काही दहा मिलीव्होल्टचाच असतो, त्यामुळे दोन-तीन मिलीव्होल्टचा कचरासुद्धा स्पष्ट ऐकू येतो. गळीत हंगामात अरुंद रस्त्यावर ऊस भरलेला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला की सायकलवाल्याचं जे होतं, तेच इथे सिग्नलचं होतं. उपाय एकच, दोघांचे रस्ते वेगळे करायचे.

स्टीलच्या गाडीत सगळी बॉडीच परतीची वायर असते. कुठेही रंग खरवडून बोल्ट लावला की अर्थ मिळाला. फायबरग्लासमध्ये ती सोय नाही, वीज वाहील असं धातूचं फक्त खालची चासी, इंजिन आणि कंपनीने ओढलेल्या काही वायरी. मी अशा गाडीच्या सीटमागे ॲम्पची काळी वायर सीटच्या कंसाला बांधलेली पाहिली आहे. कंस फायबरच्या तळात बोल्ट केलेला, आणि चासीशी त्याचा संबंध एका गंजक्या पट्टीतून. उद्यमनगरातल्या ज्या वायरमन मामांना ती दाखवली, ते वाकून बघितल्या बघितल्या म्हणाले, "फायबरला अर्थ कुठला, भावा? बॅटरीपास्नं वायर आण की." निदान तिथेच झालं होतं, पुढचं मीटरने फक्त सिद्ध केलं.

आधी आवाज ओळखा

मीटर काढण्यापूर्वी पाच मिनिटं नुसतं ऐका. इंजिनाबरोबर चढणारी-उतरणारी सलग शिट्टी म्हणजे अल्टरनेटर. इंजिनाबरोबर वेग घेणारी टकटक म्हणजे प्लगची ठिणगी. कायम एकसारखा "स्सऽऽ" असा आवाज, इंजिन बंद असतानाही, म्हणजे ॲम्पचा गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारी सेटिंग) जास्त ठेवला आहे. मोबाइल चार्जरला लावल्यावरच येणारी किरकिर चार्जरची; तो काढून बघा, प्रश्न तिथेच संपेल.

शिट्टीच असेल तर पुढे जा. ॲम्प बंद करा, त्याच्या मागच्या आरसीए पिना काढा, मग पुन्हा चालू करून इंजिन सुरू करा. चालू ॲम्पच्या पिना ओढू नका, स्पीकरला धक्का बसतो. पिना काढल्यावरही शिट्टी राहिली तर दोष ॲम्पच्या स्वतःच्या पॉवर-अर्थमध्ये किंवा खुद्द ॲम्पमध्ये आहे. गेली तर ती सिग्नलच्या वाटेने येते आहे, म्हणजे डेक, आरसीए केबल आणि दोन अर्थांमधला फरक.

आता एक मोबाइल घ्या, चार्जर न लावता, आणि साध्या ऑक्स केबलने थेट ॲम्पला जोडा. मोबाइलचा गाडीच्या अर्थशी काही संबंध नसतो, म्हणून गाणं स्वच्छ वाजेल. वाजत असतानाच मोबाइल गाडीच्या चार्जरला लावा. शिट्टी आली, तर दोन अर्थांमध्ये फरक आहे हे पक्कं झालं. ही तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण तिला मीटर लागत नाही आणि दुकानदारासमोर करून दाखवता येते.

मीटर

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. इंजिन सुरू, हेडलाइट सुरू, गाणं मोठ्याने, अशा अवस्थेत मोजायचं. करंट वाहत नसेल तर खराब सांधाही चांगला दिसतो. इंजिन बंद ठेवून ओहममध्ये अर्थ तपासणारे पुष्कळ आहेत. मीटर शून्य दाखवतो, वायरमन "अर्थ ओके" म्हणतो आणि दोष तसाच राहतो.

काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा, क्लॅम्पवर नको. लाल पिन ॲम्पच्या ग्राउंड टर्मिनलवर. डीसी व्होल्ट वाचा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक, जास्त असेल तर त्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे. मग लाल पिन एकेक पाऊल मागे आणा: ॲम्पच्या वायरीचा लग (टोकाचं धातूचं कडं), तो ज्या बोल्टला आहे तो बोल्ट, चासी, चासीची पट्टी, बॅटरीचा क्लॅम्प. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम पडतो, दोष त्या दोन जागांच्या मध्ये. हेच डेकच्या धातूच्या खोक्यावर करा. दोन्ही आकडे लिहून ठेवा, कारण शिट्टीचं मूळ या दोन आकड्यांच्या फरकात आहे.

हा फरक किती मोठा होऊ शकतो ते पाहा. चार चॅनेलचा, प्रत्येकी खऱ्या ५० वॅटचा, एबी वर्गाचा ॲम्प पूर्ण जोरात वाजला तर सुमारे २४ ॲम्पियर ओढतो. सांध्यात ०.०५ ओहमचा अडथळा असला तर १.२ व्होल्ट तिथेच पडतात. ०.०५ ओहम म्हणजे नजरेला न दिसणारा गंज.

त्यानंतर मीटर एसीवर टाकून बॅटरीच्या दोन खांबांवर ठेवा आणि इंजिन २००० आरपीएमला धरा. ०.१ व्होल्टच्या खाली असेल तर अल्टरनेटर निर्दोष समजा. अर्ध्या व्होल्टकडे जात असेल तर एखादा डायोड गेला आहे. शिट्टीचा सूर खाली येऊन ती घरघरल्यासारखी झाली असेल तर शंका आणखी बळकट. हे मोजताना मीटरची एसीची लहान रेंज लागते; फक्त २०० आणि ६०० व्होल्ट असलेल्या स्वस्त मीटरवर हे कळत नाही. डीसीमध्ये चालू इंजिनावर १३.८ ते १४.४ व्होल्ट आणि रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ च्या आसपास मिळायला हवेत. डायोड गेलेला असेल तर आधी अल्टरनेटर दुरुस्त करा, बाकी सगळं नंतर.

अर्थ बांधून घेणे

बांधणे हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण फायबरच्या गाडीत अर्थ शोधून भागत नाही, तो उभा करावा लागतो.

ॲम्पसाठी बॅटरीच्या निगेटिव्हपासून स्वतंत्र वायर आणा, पॉझिटिव्हच्याच जाडीची. पॉझिटिव्ह जाड आणि अर्थ बारीक हा प्रकार मी फार ठिकाणी पाहिला आहे. करंट जेवढा जातो तेवढाच परत येतो. चार चॅनेलच्या ॲम्पला आणि छोट्या वूफरला मिळून ४ गेजची वायर पुष्कळ होते, म्हणजे सुमारे २१ स्क्वेअर एमएम. ऑडिओच्या दुकानातल्या रंगीत किटमधली वायर बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. तिचा अडथळा तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि उघडं ॲल्युमिनियम आपल्या पावसाळी हवेत लवकर खराब होतं. कापलेलं टोक चाकूने खरवडून पाहा, आत पांढरं दिसलं तर घेऊ नका. कोल्हापुरात याला चांगला पर्याय सहज मिळतो, तो म्हणजे २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वेल्डिंग केबल. फौंड्री आणि फॅब्रिकेशनचं गाव आहे, बारीक तारांची ही लवचीक केबल मीटरवर कापून मिळते. तीही ॲल्युमिनियममध्ये येते, म्हणून तेवढं खरवडून बघणं इथेही करा. वरचं रबर तेलाने आणि उन्हाने खराब होतं, त्यामुळे इंजिनाच्या बाजूला ती नालीदार पाइपातून न्या.

सीटमागे एक जाड तांब्याची किंवा पितळेची पट्टी बसवा आणि ही केबल त्या पट्टीवर आणा. ॲम्पचा अर्थ तिथे, वूफरचा वेगळा ॲम्प असेल तर त्याचाही तिथेच, आणि डेकची काळी वायरसुद्धा डॅशबोर्डमागच्या जुन्या जागेवरून काढून वेगळ्या वायरीने त्याच पट्टीवर. सगळे अर्थ एका बिंदूवर आले की त्यांच्यात फरक पडायला जागाच उरत नाही. धातूच्या बॉडीच्या गाडीत बॅटरीपर्यंत वायर नेण्याची गरज सहसा पडत नाही, ॲम्पपासून अर्धा मीटरच्या आत बॉडीचा चांगला बोल्ट पुरतो. मात्र कुठल्याही गाडीत सीटबेल्टचा बोल्ट अर्थसाठी उघडू नका. तो जीव वाचवणारा बोल्ट आहे, त्याच्याखाली लग किंवा वॉशर घालून त्याची पकड बिघडवायची नाही.

लग हातोडीने चेपू नका, क्रिंपिंगच्या पान्ह्याने दाबा, वर हीट-श्रिंक नळी चढवा. चासीवर जोडायचं तिथे रंग आणि गंज चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली किंवा झिंक स्प्रे मारा. क्रम महत्त्वाचा आहे. आधी ग्रीस फासून मग आवळलेले सांधेही बघायला मिळतात.

काम चालू असताना इंजिन ते चासी ही पट्टीही बघा. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं, त्यामुळे चासीशी त्याचा विजेचा संबंध या एका पट्टीपुरता. ती सडली की स्टार्टरचा प्रचंड करंट दुसरी वाट धरतो, कधी ॲक्सिलरेटरच्या केबलमधून, कधी तुमच्या आरसीएच्या जाळीतून. डेकच्या आत जाळीच्या वाटेवर एक केसाएवढा फ्यूज काही मॉडेलांत असतो, तो अशाने उडतो. मग अर्थ कितीही चांगला केला तरी शिट्टी हटत नाही. तपासायचं सोपं आहे: आरसीएच्या बाहेरच्या कड्यावर आणि डेकच्या खोक्यावर वायरीचा एक तुकडा धरा. शिट्टी लगेच गेली तर तो फ्यूज उडालेला आहे, डेक दुरुस्तीला द्या.

पॉझिटिव्ह वायरीचा फ्यूज बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत हवाच. फायबरग्लासमधलं रेझिन पेट घेतं, त्यामुळे इथे हयगय करायची नाही. काम सुरू करताना आधी निगेटिव्ह काढा. परदेशी गाडी असेल तर डेकचा कोड हाताशी आहे ना ते त्याआधी बघा, बॅटरी काढल्यावर काही जुने डेक कोड दिल्याशिवाय सुरू होत नाहीत.

केबलची वाट आणि गेन

दोन सीटच्या गाडीत जागा कमी, मधल्या बोगद्यातून सगळंच कोंबण्याचा मोह होतो. पॉवर एका दाराच्या कडेने, आरसीए दुसऱ्या. ओलांडावंच लागलं तर काटकोनात.

गेन म्हणजे आवाजाचं बटण समजून तो पूर्ण फिरवून ठेवलेला असतो, आणि मग शिट्टीही तेवढीच मोठी होते. डेकचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवा, गेन शून्यावरून हळूहळू वाढवा, आवाज फाटायला लागला की थोडा मागे घ्या. नवा डेक घेणार असाल तर आरसीएवर ४ व्होल्ट देणारा घ्या. २ व्होल्टच्या डेकपेक्षा सिग्नल ६ डेसिबलने वर राहतो आणि गेन तेवढा खाली आणता येतो.

मोठा ॲम्प घेण्याबद्दलही एक सांगावंसं वाटतं. लहान इंजिनाच्या जुन्या गाडीत अल्टरनेटर साधारण ६०-७० ॲम्पियरचा. दोन हॅलोजन दिवे ९ ॲम्पियर खातात, रेडिएटरचा पंखा आणखी दहा-पंधरा. उरलेल्यात हजार वॅटचा वूफर बसत नाही, आणि गरजही नाही. केबिन इतकी छोटी असते की छत लावलेलं असताना साधारण १०० हर्ट्झखालचा बास ती स्वतःच उचलून देते. आठ इंची वूफर पन्हाळ्याच्या चढावर पुरून उरतो. छत उघडलं की तो फायदा जातो, पण तेव्हा वाऱ्यातही ऐकू येतील असे दारातले चांगले स्पीकर जास्त कामाचे.

डबीचं काय करायचं

दुकानात जोडून मिळणारी फिल्टरची डबी म्हणजे ग्राउंड लूप आयसोलेटर. तिच्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, ते जाळीची वाट तोडतात म्हणून शिट्टी थांबते. स्वस्त डबीतले ट्रान्सफॉर्मर खालचा बास खातात, आणि वूफरसाठी पैसे घालून बास डबीत घालवणं मला पटत नाही. शिवाय अर्थ तसाच खराब राहतो. पाऊस आला, कापडी छताच्या शिवणीतून सीटमागे ओल उतरली, गगनबावड्याच्या बाजूला दोन-चार चकरा झाल्या, की तांब्याचा लग आणि लोखंडी बोल्ट यांच्यामध्ये गंज धरतो. अडथळा वाढत जातो आणि एक दिवस ॲम्पचा अर्थच डबीच्या पलीकडून निसटतो. तेव्हा शिट्टी येते, ॲम्प मध्येच बंद पडतो किंवा गरम होतो. डबी तपासणीपुरती वापरा: लावल्यावर शिट्टी गेली तर अर्थचा फरक आहे हे कळतं, मग ती काढून ठेवा.

जुनी गाडी विकत घेतलेली असेल तर ती २०१९ च्या ऑगस्टमध्ये किंवा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरात उभी होती का, हे आधीच्या मालकाला स्पष्ट विचारा. पाण्यात राहिलेल्या गाडीत वायरिंगचे सांधे आतून हिरवे पडतात, आणि मग एक अर्थ बदलून भागत नाही.

रेडिओवर खरखर राहिलीच तर

वरचं सगळं केल्यावर गाणी स्वच्छ वाजतात, पण आकाशवाणी कोल्हापूर १०२.७ वर इंजिन सुरू असताना टकटक राहते, हे फायबरच्या गाडीत होतं. बॉनेटही फायबरचं असल्यामुळे ठिणगीचा त्रास अडवायला धातू नाही. प्लग रेझिस्टर प्रकारचे घाला आणि हाय-टेन्शन वायरी रेझिस्टन्स असलेल्या घ्या. ॲन्टेनालाही खाली धातूची बैठक लागते, ती इथे नाही. तिच्या बुडाशी आतल्या बाजूने तांब्याची जाळी किंवा प्रत्येकी ७३ सेंटिमीटरच्या तीन-चार वायरी चांदणीसारख्या पसरून बुडाच्या धातूला जोडा. १०२.७ मेगाहर्ट्झच्या लहरीची ती पाव लांबी आहे.

स्वतः काम करणार नसाल तर वायरमनकडे सोडताना तीन गोष्टी मागा: ॲम्पच्या अर्थचा आणि डेकच्या अर्थचा चालू इंजिनावरचा आकडा, कामाआधी आणि कामानंतर, अर्थची केबल तांब्याची असल्याचं कापलेलं टोक, आणि सगळे अर्थ एका पट्टीवर आणल्याचा फोटो. आकडे फ्यूजबॉक्सच्या झाकणाच्या आत लिहून ठेवा. दर वर्षी मे महिन्यात तीच मोजणी पुन्हा करा, आणि कुठलाही आकडा ०.१ व्होल्टच्या वर गेला तर शिट्टीची वाट न बघता तो बोल्ट उघडून घासून घ्या.